दहा दिवसांची बॅटरी

— नाय गो बाय, काढ ते तुझं घड्याळ. सकाळपासून अख्ख्या देवबागेत लाइट नाही, इन्व्हर्टरवर चालणारा हा एकच पॉइंट, तिथे माझं आधी लागणार. पुण्याहून आलेली पावणी आहेस, कबूल — पण तुझं बंद पडलं तर काय होईल? पावलं मोजायची राहतील. चाललीस ती चाललीसच ना? माझं बंद पडलं तर कुवेतला पोरगा, माझा झील निहार, उठल्या उठल्या फोन करून घर डोक्यावर घेईल.

माझं म्हणजे आमच्या घोवाचं, नवऱ्याचं. दाजींचं. गेल्या साली छातीत दुखलं, डॉक्टरने ओढाओढीचं काम बंद सांगितलं, तेव्हा निहारने हे पाठवलं. ठोके तिकडे त्याच्या मोबाइलवर दिसतात. खोक्यावर लिहिलंय, बॅटरी दहा दिवस. दहा! कपाटात ठेवून मोजले असतील मेल्यांनी. ठोके चोवीस तास चालू, झोप मोजायचं चालू, रक्तातलं काय ते चालू — दीड दिवस, बाय. दीड! निहारला म्हटलं, ठोके दर दहा मिनिटांनी मोजू दे, बॅटरी टिकेल. तर म्हणतो, मधल्या नऊ मिनिटांत काय झालं तर? आणि हात हलला की दिवा पेटतो. बांगडे धुवायला हात हलतोच — एकेका बांगड्यामागे एकेक दिवा!

काय? दाजी कशाला बांगडे धुतील?

... बरी कान देऊन ऐकतेस गो. मग पुढचंही ऐक. दाजी आत्ता किनाऱ्यावर रापण ओढतायत. ते मोठं जाळं, तीस-चाळीस माणसं दोरीला लागतात ते. रापणीला घरटी एक माणूस उभा राहावाच लागतो, नाहीतर रापणीतून घराचं नाव जातं. झील कुवेतला, मग उभं कोण राहणार? मी म्हटलं, गेलं नाव तर जाऊ दे. तर माझ्यावरच ओरडले, "माझ्या आज्याचा नाव आसा ता! मी जितो असताना कसा जायत?" आणि घड्याळ दिलं माझ्या अंगावर फेकून — "तूच घाल." घातलं. सहा महिने घालतेय. माझे ठोके बघून झील तिकडे खूश — "बाबांचा हार्ट एकदम बरा चलता गो आये!"

तसं बघू नको. मला शिकवायला आलीस? सांगितलं झिलाला तर नोकरी सोडून येईल, आणि बाप त्याचं तोंड बघणार नाही. दाजींचे ठोके कोण मोजतं म्हणतेस? कान आहेत मला. दोरी ओढताना सगळे ओरडतात ना, त्यात त्यांचा आवाज मला इथे चुलीपाशी वेगळा ऐकू येतो. आत्तासुद्धा —

थांब. गप.

... जाळं वर आलं असेल. म्हणून ओरडायचे थांबले असतील. पण मग कालवा झाला असता, मासे बघून गाव ओरडतो.

दे ते इकडे. सहा टक्के झाले, पुरे, घालते हातात. आला बघ आकडा — एकशे बावीस? नुसती बसलेय मी! बिघडलंय मेलं. दहा दिवस म्हणे —

झिलाचाच फोन. नको, हात लावू नको त्याला, वाजू दे. तू इथे कशाला उभी? जा. रापणीकडे जा, दाजी उभे आहेत का तेवढं बघ. चप्पल राहू दे गो — धाव!