साडेपाचची गाडी

आईच्या बैठकीत मी तानपुऱ्यावर बसते, कारण तिथं बोलावं लागत नाही. पण परवा बोलावं लागलंच.

आई शास्त्रीय गाण्याचे कार्यक्रम करते. पुण्याच्या एका महोत्सवाचे आयोजक तिला ऐकायला उस्मानपुऱ्यात आमच्या घरी आले होते. गाणं आवडलं तर तिला पहिल्यांदाच इतकं मोठं बोलावणं येणार होतं. आईनं डोळे मिटून अगदी संथ ख्याल सुरू केला. पाहुण्यांची साडेपाचची गाडी होती. ते सारखं घड्याळ बघत होते. शेवटी मी तबल्यावरच्या सलीममामांना भुवयांनी खुणावलं, जरा पळवा. त्यांनी हळूहळू लय वाढवली. आईनं डोळे उघडून एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि कसंबसं गाणं संपवलं.

पाहुणे म्हणाले, "बाई, आवाज फार छान. पण हे तबलजी लई घाई करतात. तुम्ही या, तबल्याला आमचा माणूस देतो."

सलीममामा खाली बघत म्हणाले, "माझंच चुकलं, साहेब."

"मामांचं नाही चुकलं," मी म्हणाले. "मीच खुणावलं त्यांना. तुम्ही सारखं घड्याळ बघत होता."

पाहुण्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "पुन्हा म्हणा. संथच."

"अन् तुमची गाडी?" मामांनी विचारलं.

"गेली तर गेली."

माझ्या तानपुऱ्याची तार जुळवता जुळवता आई हळूच म्हणाली, "या वेळी डोळे तू मीट."