गाउन परत करायची रांग

पदवीदान संपलं होतं. भाड्याचे गाउन परत करायच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे शिंपी वडील उभे होते. गाउन वडिलांच्या हातात होता.

"काखेतली शिवण बघ. एकाच टिपेवर भागवलंय. एवढी फी घेतात, दोरा तरी बरा वापरायचा!"

"बाबा, फी गाउनची नव्हती."

"मग कशाची होती? दुसरं मशीन विकलं मी. नोकरीचा अजून पत्ता नाही."

"मुलाखती चालल्यात ना."

"चालू देत की. तोवर दुकानात काजं करायला बस. 'इथे पदवीधर बाई काजं करतात' अशी पाटीच लावतो."

"लावा. खाली लिहा, मालकांचे टोमणे फुकट."

"मशीन असतं तर त्यानं चार पैसे तरी मिळवले असते. आणि उलट बोललं नसतं."

"मग सकाळी टाळ्या कोण वाजवत होतं? सगळा हॉल थांबला तरी तुमचं चालूच!"

"हात आखडले होते. मोकळे करत होतो."

"बरं, द्या तो गाउन. नंबर येईल आता."

"थांब जरा. पुढे किती जण आहेत?"

"असतील पाच-सहा. का?"

"ही पिशवी धर. खांदा कसा बसवलाय, ते अंगात घातल्याशिवाय कळत नाही."

"हो का? मग टोपीही तपासायची असेल."

"दे की."

मुलगी माझ्याकडे वळली.

"तुम्ही व्हा पुढे. आमचं तपासायचं चाललंय."