व्याह्यांबरोबरचा सूर्योदय

...आणि वर पोरं मलाच म्हणतात, बाबा, धापा काय टाकताय, मजा घ्या! अंधारात काडीचं दिसत नाही, एक पाय चिखलात, दुसरा कुठंय त्याचा पत्ता नाही, ह्यात मजा नक्की कुठून घ्यायची? अहो, सूर्य रोज उगवतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसतो, फुकट, पायात चपलासुद्धा लागत नाहीत!

मग गेलात कशाला, म्हणाल. तुम्हाला सांगतो, सगळा घोटाळा त्या कॅलेंडरचा. मुलाकडचे पहिल्यांदाच घरी आलेले. पोरीचं ह्याआधी दोनदा जमता जमता फिसकटलेलं, म्हणून बायकोनं बजावून ठेवलेलं, "ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. आपली अक्कल पाजळायची नाही." मुलाच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान. माणूस सज्जन, पण बोलायला विषय नाही, म्हणून बघत बसले भिंतीकडे. भिंतीवर औषधवाल्यानं दिलेलं कॅलेंडर, त्यात डोंगर, तळं आणि वर येणारा सूर्य. म्हणाले, "वा, तुम्हाला सूर्योदयाची आवड दिसतेय." आता मी काय म्हणणार? म्हटलं, हो, फार! तर ते म्हणाले, "आम्हालाही फार." झालं! पोरांनी तिथल्या तिथे बेत ठरवला, सगळ्यांनी मिळून डोंगरातल्या तळ्यावर सूर्योदय बघायला जायचं.

पुढे बायको, तिच्या पुढे विहीणबाई, दोघी खिदळतायत, आणि मागे आम्ही दोन बाप. मी थांबलो की ते थांबायचे, ते थांबले की मी. तुम्ही व्हा पुढे... छे छे, तुम्हाला सवय आहे... प्रत्येक दगडाशी हा सोहळा! बरं, जरा टेकावं, तर उद्या म्हणायचे, मुलीचा बाप गुडघ्यातून गेलेला, म्हणजे घराण्यातच काहीतरी असणार. सूर्य रोज उगवतो हो, पण चांगलं स्थळ रोज येतं का?

पोचलो तळ्याशी, तर काय... धुकं! तळं कुठलं नि काठ कुठला, कळेना. वाटाड्या सांगतोय, बघा बघा, केशरी होतंय. केशरी होतं ते कुणाचं तरी जाकीट!

बाकीचे गेले फोटो काढायला. एका दगडावर आम्ही दोघंच. गादीवाले इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "रागावू नका, पण तुम्हाला हे खरंच आवडतं?" हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. शेवटी म्हटलं, "खरं सांगू? मी आठच्या आत उठत नाही."

"मी नऊच्या."

तुम्हाला सांगतो, मी त्या माणसाला कडकडून मिठी मारली! अहो, ज्याचा धंदाच लोकांनी लोळावं म्हणून, त्याला हे आवडेल कसं? पोरगी चांगल्या घरी पडतेय, ह्याची तिथं खात्री पटली आणि माझे डोळेच भरून आले... आणि नेमके तेव्हाच बाकीचे परत आले.

पोरगी म्हणते, "बघा, दोघांना केवढं भिडलंय हे!" बायकोनं पदरानं डोळे टिपले. आणि होणारा जावई म्हणाला, "ठरलं तर. लग्न इथेच करायचं, सूर्य उगवताना."

गादीवाल्यांनी माझा हात दाबला, मी त्यांचा दाबला, आणि दोघं एकदमच म्हणालो, वा!

हसताय काय? तुम्हा सगळ्यांना आमंत्रण आहे. बॅटरी आपापली आणा.