निळी भरणी

नाथा : अनाथ? कोन अनाथ? मी धडधाकट समोर बसलोय, माजी जमीन अनाथ कशी होईल?

विनीत : आजोबा, तुम्ही नाही हो. जागा. सरकारी भाषेत तसं म्हणतात.

नाथा : सातबारा काढ गं कल्पिता, साहेबांना दाखव. नाथा हाय त्यावर. अनाथ नाय.

कल्पिता : बाबा, आधी ऐकून तरी घ्या. सप्ताहाच्या मैदानाची माती तपासायला नेली होती ना, तिचा रिपोर्ट घेऊन आलेत ते.

विनीत : माती विषारी निघाली, आजोबा. कुठल्यातरी कंपनीचा रंगाचा गाळ मुरलाय तिच्यात. ती उपसून चांगली माती टाकायला सरकार पैसे देतं. पण घाण कोणी केली ते सापडत नसेल, तरच. अशा जागेला अनाथ म्हणतात.

नाथा : म्हंजे जमिनीला मालक हाय, आन घानीला मालक नाय?

विनीत : अगदी बरोबर.

नाथा : मग घान अनाथ झाली. जमीन कशापायी?

विनीत : हां... म्हणजे, तसं बघितलं तर... खरं सांगू? मलाही नीट कळलेलं नाही. वरून असंच छापून आलंय.

कल्पिता : साहेब, शब्द राहू द्या. सही कुठे करायची तेवढं सांगा.

विनीत : इथे. ‘प्रदूषण करणारा : अज्ञात.’ खाली आजोबांची सही. झालं.

कल्पिता : करा बाबा. नातीचे पाय बघताय ना? प्राप्ती तिथे लंगडी खेळून आली की रक्त येईपर्यंत खाजवते. दुसरीकडे खेळायला पाठवू म्हटलं, तर आपल्या कोलशेत गावात आता मैदान उरलंय कुठे? जिकडेतिकडे टॉवर.

नाथा : अज्ञात म्हंजे?

विनीत : कोण ते माहीत नाही.

नाथा : मना तर माहीत हाय.

कल्पिता : बाबा!

विनीत : काय माहीत आहे?

कल्पिता : काही नाही हो साहेब. सासऱ्यांचं वय झालंय. चहा घेणार ना?

नाथा : वय झालं म्हनून तर बोलतो. साहेब, तवा खाडीच्या उधानाचं पानी सप्त्याच्या मांडवात यायचं. कीर्तन अगदी रंगात आलेलं, बुवांचा गला लागलेला, आन म्हातारी मानसं बसायची सतरंजी उचलून पलतायत! मना बघवत नव्हतं. रंगाच्या कंपनीचा मानूस बोलला, माती फुकट हाय, पायजे तेवढी ने. मना वाटलं, देवाच्या कामाला देवानंच धाडली. हातभर भरनी केली.

विनीत : ती माती नव्हती, आजोबा.

नाथा : आमाला काय ठाव? पयल्याच दिवशी टालकऱ्यांची पांढरी धोतरं खालून निली झाली. बुवा हसून बोलले, सावल्या देवानं रंग लावला तुमाला. अख्ख्या मांडवानं हात जोडले. मी पन.

(विनीत फॉर्म उलटसुलट करून पाहतो. अशा गोष्टीसाठी त्यात कुठेच जागा नाही.)

विनीत : थांबा, थांबा. म्हणजे दोषी कंपनी. पण इथली रंगाची कंपनी तर कधीच बंद पडलेय, मालक कुठे आहे देव जाणे. की आणून टाकणारा दोषी? म्हणजे तुम्ही? आणि अर्ज करणारेही तुम्हीच? हे मी कुठल्या रकान्यात बसवू?

कल्पिता : बसवूच नका. ऐकलंच नाही असं समजा.

विनीत : ताई, अज्ञात लिहिलं तर याच वर्षी काम मंजूर होईल. नाव लिहिलं तर चौकशी लागेल. किती वर्षं, ते मी नाही सांगू शकत. दंडही होऊ शकतो.

कल्पिता : ऐकलंत? तोवर पोरीनं काय करायचं? तुमच्यासाठी नका बोलू खोटं. तिच्यासाठी बोला.

नाथा : तिच्यासाठीच खरं बोलतोय, बाय. उद्या मोठी होऊन ईचारील, आजा, ती घान कोनाची रे? सरकारी कागद बोलंल, कोनाचीच नाय. पन्नास वर्सं या हातानं टाल वाजवला. त्याच हातानं कसं लिवू?

कल्पिता : तुमचं पण खरं आहे, आणि तिचे पाय पण खरे आहेत.

विनीत : बघा... दोषी माणसाची ऐपत नसेल तर खर्च सरकार उचलतं, असंही एक कलम आहे मागच्या पानावर. मिळेलच असं नाही. खेटे घालावे लागतील.

नाथा : घालीन. लिवा. नाथा पदाजी भोईर. भरनी मी केली.

विनीत : एकट्याने?

नाथा : एकल्यानं.

विनीत : एवढं मोठं मैदान? हातभर उंच? काय डोक्यावर पाट्या वाहिल्यात?

नाथा : तरना होतो तवा. तुमी लिवा.

कल्पिता : बाबा...

नाथा : तू आत जा, बाय.

कल्पिता : नाही जात. लिहा साहेब. ट्रॅक्टर माझ्या माहेरचा होता, माझ्या वडलांचा.