नवघरच्या आत्याची साक्ष

हॅलो?… कोण?… कोण मंदा?

सुगंधाने आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला होता. भावजयीचा आवाज दीड वर्षाच्या अबोल्यात कोण विसरतं? पण विचारायची संधी ती कशाला सोडते!

अच्छा, मंदावहिनी! नाही, मोबाइल बदलला ना, नंबर गेले सगळे… हो, बरी आहे. बोला… नाही नाही, जेवण झालंय माझं, बोला तुम्ही… काय? नाकारला? रसिकाचा व्हिसा?… अगं बाई.

ती खाली बसली. भाचीच्या लग्नाला वर्ष होत आलं. नवरा निहार तिकडे इंग्लंडात, पोरगी इकडे पेणकरपाड्याला आईबापाकडे. सुगंधाला पोरीचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच मनात, थोडं बाजूला, गारही वाटलं.

थांबा, हळू सांगा. साक्षीची पत्रं कोणी दिली होती?… दादाने, तुमच्या भावाने आणि शेजारच्या गुणवंतरावांनी. बरं. आणि लिहिलं काय?… काय?… पुन्हा बोला, नीट ऐकू नाही आलं.

नीट ऐकू आलं होतं.

'पोह्यांच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना प्रथमच पाहिले.' तिघांनीही? आणि निहारने अर्जात लिहिलंय तीन वर्षांची ओळख… मग तो साहेब काय म्हणणार, वहिनी? म्हणणार, साक्षीदार खोटे, म्हणजे लग्नही खोटं… हो, हो, नातेवाइकांना तेच सांगितलंत, माहितीय मला. पण व्हिसावाले काय आपली भावकी आहे? त्यांच्यापुढे कसली अब्रू झाकायची?

बरं, मग अपिलाचे वकील काय म्हणतात?… हं… हं… लग्नाआधी दोघांना एकत्र बघितलेलं माणूस पाहिजे. हो ना, बरोबर आहे त्यांचं… आता असं माणूस कुठे शोधणार तुम्ही?

 प्रश्न सुगंधाने चवीने विचारला. लग्नाआधी दर गुरुवारी संध्याकाळी दोघं तिच्याच घरी तर बसायची. दार सताड उघडं, ती कणीक मळतेय, निहार मोसंबीच्या बिया काढून एकेक फोड रसिकाच्या ताटलीत ठेवतोय, आणि रसिका त्यालाच रागावतेय की एवढं काय…

मी? मी कशी चालेन? मी पोरी नासवते ना… मी नाही म्हणत, दादा म्हणाला. आमच्या जिन्यात उभा राहून… रागात? अहो, रागात माणूस एक मजला ओरडतो, त्याने चारी मजले ऐकवलं. आणि लग्नाची पत्रिका मला दिली नाहीत? ते पण रागात? दादाच्या ऑफिसातल्या, आमच्या वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनला द्यायला माझ्याच दारावरून वर गेलात दोघं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती मला सांगते, 'पनीरनुं शाक बहु सरस हतुं, सुगंधाबेन.' बारशाला त्या पोरीच्या कानात नाव सांगितलं मी, आणि तिच्या लग्नातली भाजी मला हंसाबेनने चाखवली!

…रडू नका. ऐका, ऐका ना वहिनी. देणार आहे पत्र… हो, नक्की. रसिकाशी माझं काय भांडण? जे बघितलं ते सगळं लिहीन. फक्त दादाला फोन द्या… आहे घरात. खोकला ऐकू येतोय त्याचा.

…हां, दादा. तुझंही दुसरं पत्र मागितलंय ना वकिलांनी? आधी खोटं का लिहिलं म्हणून? कागद घे. मी सांगते तसं लिही… आत्ताच… नाही, तू लिहिलंस तर 'काही गैरसमज झाले होते' असं लिहिशील.

लिही. 'माझ्या मुलीचे निहारवरचे प्रेम मला मान्य नव्हते. दोघे माझ्या धाकट्या बहिणीकडे भेटतात हे कळल्यावर मी तिच्या घरी गेलो. जिन्यात उभा राहून, सगळ्या शेजाऱ्यांदेखत, मी तिला पोरींची दलाल म्हणालो'… लिही ना… का? विचार वकिलांना. बाप एवढा पिसाळला, म्हणजे पोरांचं प्रेम खरंच असणार. याच्यापेक्षा मोठा पुरावा आणणार कुठून?… हं. पुढे. 'नंतर शोभा नको म्हणून लग्न ठरवून केल्याचे मी सर्वांना खोटे सांगितले. बहिणीला लग्नाला बोलावले नाही.' खाली सही. पूर्ण नाव… आत्माराम, हो, आणि आडनाव.

आता वाच… मोठ्याने. वहिनी आहेत ना तिथे? रसिकालाही बोलाव… थांबते मी, घाई नाही.

तो वाचू लागला. दीड वर्ष ती जिना चढायची आणि तो जिथे उभा राहून ओरडला होता त्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी तिचे पाय आपोआप भरभर पडायचे. आता तोच आवाज खाली मान घालून चालला होता. त्या एका शब्दाशी तो अडखळला, पुटपुटला.

ते नाही ऐकू आलं. परत… हां. चल पुढे.

…शेवटी काय ते? 'याचा मला पश्चात्ताप होत आहे'? हे मी कुठे सांगितलं? खोड ते… खोड, दादा. त्या साहेबाची माफी कशाला मागतोस?… माझी?

सुगंधा उठून उभी राहिली. हीच ओळ ऐकायला तिने मनात किती वेळा तो जिना चढवला होता त्याला. आणि आली तर अशी, फोनवर, गरजेच्या दिवशी.

नाही. आज नको. आज तुला माझी सही पाहिजे. सही उद्या वकिलांकडे पोचेल. रसिकाला व्हिसा मिळू दे, ती विमानात बसू दे, माझ्याकडून तुला काही म्हणजे काही नको असू दे. मग ये. दार उघडायचं की नाही, ते मी तेव्हा बघीन… नाही, दादा. ठेवते.

'सुगं…' एवढंच आलं पलीकडून. तिने फोन ठेवला.