आबांची टाच, माझा घसा

…आणि वर मलाच विचारतो, ‘पप्पा, व्हाय आर यू सो टेन्स?’ टेन्स! अहो, इथं बहरीनला सित्र्याच्या प्लँटमध्ये चोवीस वर्षं प्रेशर गेज तपासतोय मी, काटा लाल पट्ट्यात गेला की काय होतं ते मला विचारा, आणि तीन आठवडे माझा स्वतःचा काटा लाल पट्ट्यात अडकून बसलेला, तर आमचे चिरंजीव विचारतात टेन्स का! विनय त्याचं नाव. वय वर्षं वीस, जन्म बहरीनचा, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. त्याला काय सांगणार, बाबा रे, तू मला गायला उभं करतोयस आणि माझा घसा नाजूक आहे!

आता हे घशाचं तुम्हाला सांगतो, पण आमच्या रश्मीसमोर हसू नका. माझ्या घशाला काहीही झालेलं नाही. कधी नव्हतंच! पण आमच्या लग्नात पाव्हणे म्हणाले, ‘शाहिराचा मुलगा ना तुम्ही, होऊन जाऊ द्या एखादं,’ तेव्हा मी मानेला रुमाल गुंडाळून म्हटलं, घसा… नाजूक आहे. झालं! बायकोनं ते असं मनावर घेतलं की तेवीस वर्षं मी कोमट पाणी पितोय. बहरीनमध्ये! ऑगस्टमध्ये! जिथं नळालाच उकळतं पाणी येतं तिथं ही मला वेगळं गरम करून देते, वर हळद टाकून. अख्खी कंपनीची बस थंडगार लबान, म्हणजे इथलं ताक, पितेय, आणि मी आपला थर्मास उघडून वाफ काढतोय. आइस्क्रीम नाही, कुल्फी नाही, बर्फाचा खडा नाही. का? तर घसा नाजूक ना आपला!

बरं, चाललं होतं सुखानं. पण या पोराला लागला रेगेचा नाद. रेगे म्हणजे ते जमैकाचं संगीत, हळूहळू डुलत चालतं ते. हा त्यात बेस गिटार वाजवतो. अरादमध्ये आमच्या गल्लीत शाजिया म्हणून मुलगी आहे, ती कीबोर्ड वाजवते, तिच्या वडिलांच्या मागच्या खोलीत सगळ्यांची प्रॅक्टिस. मी म्हटलं, वाजव बाबा, परीक्षा पास हो आणि वाजव. पण एके दिवशी जेवताना याचं भाषण सुरू झालं, ‘पप्पा, इन जमैका इट्स अ फॅमिली थिंग! द फादर सिंग्ज, द सन प्लेज बेस, द ग्रँडडॉटर सिंग्ज बॅकअप. इट्स इन द ब्लड! अँड हू डू आय हॅव? ॲन इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन!’

मी भात कालवत होतो, कालवतच राहिलो असतो. पण व्हिजिट व्हिसावर आलेली माझी आई समोर बसली होती. कुसुमबाई! वय शहात्तर, कान तिखट. तिनं ताटावरनं मान वर केली. ‘काय म्हनतंय रं पोरगं? रक्तात कोन न्हाई म्हनतंय? आरं, तुजा आजा शाहीर व्हता! मनमाडपासनं नांदगावपोत्तर जयंती म्हनली की शाहीर सदानंदच! तुजा चुलत आजा ढोलकीला, आत्या झीलकरीन… आन ह्यो तुजा बाप! ह्योबी झीलला उभा राह्यचा!’

घास अडकला माझा. झील म्हणजे, शाहिराच्या मागं उभं राहून ‘जी जी रं जी’ ओढतात ना, ते. विनयचे डोळे हे एवढे झाले. ‘पप्पा! यू वेअर अ बॅकिंग व्होकलिस्ट? अँड यू नेव्हर टोल्ड मी?’ मी ठसकत ठसकत म्हटलं, घसा. रश्मी धावली गरम पाणी आणायला.

पण आई कसली थांबते! पिशवीतनं आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाण्यांची वही काढली. मी म्हणतो, बाईमाणसानं तीस किलोच्या बॅगेत लोणचं आणावं, पापड आणावेत, वही कशाला? त्यात ते गाणं निघालं. शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्या पोराचं. कडवं असं होतं, ‘मास्तर म्हनला, सांग पोरा, तुजं नाव काय?’ इथं आबा थांबायचे. सगळं थांबायचं. ढोलकी बंद, तुणतुणं बंद. चांगली चार श्वासांची शांतता. आणि मग हळूच, ‘मानूस म्हना, मास्तर, दुसरं नाव न्हाय…’ बायका पदर डोळ्याला लावायच्या.

विनयनं ते ऐकलं आणि उडालाच. ‘दिस इज रेगे, आजी!’ आजी म्हणाली, ‘आसंल बाबा.’ आणि आठ दिवसांत जयंतीच्या कार्यक्रमात याचं नाव लागलं, शाहीर सदानंदांचं गीत, रेगेमध्ये, झील – दशरथ! मला न विचारता! माझा फोन वाजला, मंडळाचे अध्यक्ष विलास सर. बँकेतला माणूस, आवाज कसा, लॉकरचं दार लावल्यासारखा. ‘जय भीम दशरथराव! चिरंजीवांचं नाव आलंय. ते रेगे म्हणजे नेमकं… ते केस वाढवून धूर काढतात ते का? नाही, आपल्या कार्यक्रमाला एक गांभीर्य आहे. तीनशे माणूस येतं. तुम्ही स्वतः उभे राहताय म्हणून मी हो म्हणतो. जबाबदारी तुमची हं!’ मी म्हटलं, सर, घसा… ते म्हणाले, ‘खलास! ठरलं मग!’ आणि फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तीन शब्द. जी, जी आणि जी. मधे एक रं. अहो, त्याच तीन शब्दांनी घात केलाय माझा! ऐका.

मी नऊ वर्षांचा होतो. नांदगावची जयंती, समोर माणसांचा समुद्र. झीलला मागच्या रांगेत डावीकडे माझी जागा. आबांची एक खूण असायची. शाहीर तोंड लोकांकडे करून उभा, मागच्यांना कळणार कसं कधी उचलायचं? तर आबा उजवी टाच वर करायचे. टाच वर, तयार. टाच खाली, जी जी रं जी! बस्स. मी दुसरीकडे बघायचोच नाही. लोक नाही, दिवे नाहीत, माझ्यापुरता आबा म्हणजे एक टाच. आणि त्या दिवशी ते कडवं आलं. ‘सांग पोरा, तुजं नाव काय?’ शांतता. माणसं श्वास धरून. आणि आबांची टाच वर गेली! मी म्हटलं, अरे? इथं तर नसतं! पण टाच ती टाच. खाली आली. आणि त्या मसणशांततेत मी एकटा, पूर्ण ताकदीनं, ‘जी जी रं जीऽऽऽ!’ लोक फिदीफिदी. टाच परत वर! परत खाली! मी परत! तीन वेळा, तुम्हाला सांगतो, तीन वेळा! हसून हसून लोक आडवे. नंतर कळलं, आबांच्या पायाला मुंगळा चावत होता.

आबा काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. तेच तर वाईट ना! चार रट्टे दिले असते तर मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी आबांची गाणारी पार्टी पुढच्या गावाला निघाली, मी अंथरुणातच. आईला म्हटलं, घसा बसलाय. तो जो बसला… आणि पुढं दर कार्यक्रमाआधी आबा उंबऱ्याशी थांबून विचारायचे, ‘दशरथ, घसा कसाय?’ असा टोमणा लागायचा तो, असा लागायचा! मी मान खाली घालून म्हणायचो, नाजूक आहे. ते ‘बरं’ म्हणून निघून जायचे. आयटीआयला गेलो, नोकरीला लागलो, इथं आलो, फोनवरसुद्धा शेवटचा प्रश्न तोच. घसा कसाय? नऊ वर्षांपूर्वी आबा गेले. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो. बोलणार काय? मुंगळा?

तर अशा माणसाला प्रॅक्टिसला नेला. तिथं तर आणखीनच बट्ट्याबोळ! विनय म्हणतो, ‘पप्पा, द वन इज एम्प्टी.’ म्हणजे काय, तर पहिला ठोका मारायचाच नाही! रिकामा सोडायचा! मी म्हटलं, अरे, पहिला ठोकाच नाही तर माणसाला कळणार कसं सुरू झालंय? शाजिया म्हणते, ‘अंकल, फील कीजिए.’ फील कीजिए! मी आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवलेला माणूस, काय फील करू? मी उचललं की चुकतं. थांबलो की चुकतं. ‘यल्ला अंकल, वन्स मोअर!’ वन्स मोअर करता करता कॉलर भिजली. प्लँटमध्ये एक गेज मी उलटा बसवला, तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षांत पहिल्यांदा! सुपरवायझर म्हणतो, ‘दशरथ, यू ओके?’ मी म्हटलं, थ्रोट. दुसरं सुचतंय काय!

कार्यक्रमाचा शुक्रवार उजाडला. गुदैबियातला हॉल गच्च. पुढच्या रांगेत विलास सर, हाताची घडी. त्यांच्या शेजारी आई, पांढरं नेसून, आबांची वही मांडीवर. रश्मीनं विंगेत येऊन शेवटचं हळदीचं पाणी पाजलं. मी माईकमागं उभा राहिलो, डावीकडे. मनाशी ठरवलं, कुणाच्या पायाकडे म्हणून बघायचं नाही. छताकडे बघायचं. पंखे मोजायचे.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, मी उचललं, थोडं उशिरा, पण चाललं. दुसरं कडवं, चाललं. आता आलं ते. विनय गातोय, त्याच्या त्या इंग्रजी वळणाच्या मराठीत, ‘मास्तर म्हनला, सांग पोरा, तुजं नाव काय?’ आणि सगळं बंद. ड्रम बंद, बेस बंद. शांतता. विलास सर श्वास घेत नाहीयेत. माझे पंखे संपले. सातच होते! आणि नजर गेली खाली.

विनयची उजवी टाच वर होती.

अहो, कुणी शिकवलं याला? आबा गेले तेव्हा हा अकरा वर्षांचा. चार सुट्ट्यांपुरता आजा पाहिला यानं, तोही खाटेवर पडलेला! मी काय शिकवणार, मी तर या खुणेचं कुणापुढं नावच काढलं नव्हतं. तीच टाच, तोच बारीक कंप, तसाच अंगठ्यावर तोललेला भार. मी मनात ओरडतोय, नको! दशरथा, मुंगळा असेल! तोंड मिटून घे! पण टाच ती टाच. खाली आली. आणि माझ्या गळ्यातनं आपोआप निघालं… ओरडून नाही, हळू… ‘जी… जी रं जी…’

मेलो, म्हटलं. आता हसणार. पण त्या पोराचा पहिला ठोका रिकामा असतो ना! मी नेमका त्या रिकाम्या जागेत पडलो होतो. शाजियानं माझ्यापाठोपाठ हलकेच एक सूर ठेवला, आणि विनयनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘मानूस म्हना, मास्तर, दुसरं नाव न्हाय…’ टाच परत वर. परत खाली. या वेळी मी एकटा नव्हतो. तीनशे माणूस! जी जी रं जी! विलास सरसुद्धा! हाताची घडी सुटली होती त्यांची. मी रडत होतो. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडत होतो आणि झील ओढत होतो.

कार्यक्रम संपला, सगळे जेवणाच्या टेबलाशी, आणि रश्मी माझ्यासमोर येऊन उभी. ‘आवाज तर खणखणीत आहे की! मग तेवीस वर्षं मी हळद कुणासाठी उकळत होते?’ आता काय सांगू? सांगून टाकलं. आईसमोर, विनयसमोर, सगळं. नांदगाव, टाच, मुंगळा, आबांचा टोमणा.

आई म्हणाली, ‘टोमना? आरं येड्या, तुजा बाप खरंच इचारायचा! त्येला वाटायचं, पोराचा घसा बसला. त्या दिवसाचं मला म्हनला व्हता, कुसुम, बाकीचे झीलकरी लोकांकडं बघत्यात, ह्यो येकटा माज्या टाचंवर इस्वास ठेवतो. चुकी माजी हाये, त्याची न्हाई. शेवटच्या कार्यक्रमापोत्तर डावीकडची तुजी जागा मोकळी ठेवली त्यानं. कुनाला उभं राहू दिलं न्हाई. म्हनायचा, घसा बरा झाला की यील.’

चौतीस वर्षं! माणूस उंबऱ्याशी उभं राहून साधी चौकशी करत होता हो. आणि मी नाजूक आहे, नाजूक आहे म्हणत राहिलो. एकदा नुसतं बराय म्हटलं असतं तर… जाऊ दे. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आई माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

मग मी डोळे पुसले. म्हटलं, दशरथा, खोटं संपलं, आता तरी जग! टेबलावर मटका कुल्फी. पिस्ता, केशर, वरून थंड वाफ निघतेय. तेवीस वर्षांची तहान घेऊन हात पुढं केला, मडकं उचललं, चमचा आत घातला, चमचा वर आला, तोंड उघडलं… आणि मागनं विलास सर, ‘दशरथराव, पुढच्या शुक्रवारी आमच्या सखीरच्या मित्रांकडे कार्यक्रम, मग त्याच्या पुढच्या शुक्रवारी सित्र्याचा कॅम्प, सगळीकडे तुम्ही लागताय हं! इंशाल्ला!’ आणि विनयनं माझ्या हातातनं अलगद चमचा काढून घेतला. आणि काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा ते पोरगं माझ्याशी मराठीत बोललं.

‘पप्पा, घसा कसाय?’

काय करणार? या वेळी खरं उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, ‘बराय.’ आणि रश्मीकडे थर्मास मागितला.