सहासष्ट दिवसांच्या सम्राटाचे नाणे कोठे निघाले याबाबत

नाव ओर्नेल्ला ब्राची, वडिलांचे नाव सेत्तिमियो, वय २५ वर्षे, शिक्षण पुरातत्त्वाची पदवी, धंदा खोदकामावर देखरेख (कंत्राटी), राहणार धुण्याच्या हौदामागे, वाल्लेस्कुरा, जिल्हा वितेर्बो, इटली.

आज शुक्रवार दिनांक १३ जून रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, कोणी बोलावले नसताना ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

आमच्या गावात पाण्याची नवी पाइपलाइन टाकण्याचे काम चालू आहे. कंत्राट श्री. उबाल्दो चेराजोली यांचे आहे. चर खोदणारा जेसीबी त्यांचा, चराला लागून असलेला द्राक्षमळा त्यांचा, आणि गावाच्या इतिहास मंडळाचे अध्यक्षही तेच. बसथांब्यावर पत्रा घातल्याबद्दल त्यांना सरकारी किताब मिळाला. तेव्हापासून गाव त्यांना सरदार म्हणते. जेसीबी माझे वडील चालवतात. जुने काही निघाल्यास काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवणे ही माझी जबाबदारी आहे.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला, एक मीटर दहा सेंटिमीटर खोलीवर जळक्या मातीचा थर लागला आणि त्यात दगडी भिंतीची कड दिसली. मी खाली उतरले. भिंतीला टेकून सोन्याचे एक नाणे होते. वेळ, खोली आणि जागा मी वहीत लिहिली. नाणे फोटोपूर्वी उचलले, ही माझी चूक. तेवढ्यात सरदार आले.

"बघू, बघू, डॉक्टरबाई," म्हणत त्यांनी ते माझ्या हातातून घेतले. मी पदवीधर झाल्यापासून ते मला याच नावाने हाक मारतात. त्याआधी 'इस्त्रीवालीची पोर' म्हणत. नाणे त्यांनी बाहीला पुसले आणि जाकिटाच्या खिशात टाकले. "संध्याकाळी कागद करू. सोनं आहे, नासतंय थोडंच!" कायद्याने चोवीस तासांत कळवावे लागते.

नाण्यावर दिदियस ज्युलियानस या सम्राटाचा दाढीवाला चेहरा आहे. इसवी सन १९३ मध्ये राजरक्षकांनी आधीच्या सम्राटाला मारून गादी लिलावात काढली. याने सर्वांत मोठी बोली लावली. मागच्या बाजूला हा हातात पृथ्वीचा गोळा घेऊन उभा आहे आणि भोवती 'जगाचा नियंता' असा मजकूर आहे. नियंता सहासष्ट दिवस टिकला. मारेकरी आला तेव्हा ज्यांनी गादी विकली त्यांच्यापैकी एकही आडवा आला नाही. एवढ्या थोड्या दिवसांत राज्याचे काय केले ते फारसे सांगता येत नाही, मात्र स्वतःचा चेहरा सोन्यावर उमटवून घ्यायला त्याला सवड मिळाली.

बुधवारी मी सरदारांकडे कागदाची चौकशी केली. ते म्हणाले, "कसलं चरातलं नाणं? तुझ्या बापानं माझ्या मळ्यात खांबाचा खड्डा घेताना काढलंय ते. दीड मीटर खाली. विचार त्याला." नाणे चरातले ठरल्यास काम थांबते आणि ती भिंत ज्या जुन्या घराची, त्याचे रीतसर उत्खनन होते. मळ्यातले ठरल्यास जमीनमालक म्हणून सरदारांना बक्षीस मिळते, आणि सोमवारी सकाळी भिंत फोडून पाइप पुढे जातो.

काल गुरुवारी सायंकाळी सहा वाजता मंडळाच्या खोलीत समारंभ झाला. नाणे मखमलीवर ठेवले होते. सरदार म्हणाले, "हा आपला सम्राट! स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस!" टाळ्या पडल्या. माझे वडील लग्नातला कोट घालून शेजारी उभे होते. त्यांना 'शोधकर्ते' म्हणून हार घातला.

मी भिंगातून नाणे पाहिले. ते टूथपेस्टने घासलेले आहे, वास येतो. मग जमिनीतून आल्यासारखे दिसावे म्हणून अक्षरांत माती भरली आहे. त्या मातीत मोरचुदाचे निळे कण आहेत. मळ्यात गेल्या आठवड्यात त्याचीच फवारणी झाली. फवारणीचे कण वेलींच्या बुडाशी वरच्या मातीत असतात, दीड मीटर खाली नसतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. सरदारांचा जन्म मळ्यात गेला, पण बहुधा वाकून माती पाहण्याचे काम ते नोकरांकडून करून घेतात. नाणे जप्त करावे आणि धुऊ देऊ नये, ही विनंती.

रात्रीच्या जेवणाला आईने घेवड्याचे सूप केले होते. वडील म्हणाले, "नाणं तेच, सोनं तेच. दोनशे पावलं इकडं काय अन् तिकडं काय?"

मी म्हणाले, "बाबा, सोमवारी भिंत फुटेल."

"दोन हजार वर्षं तिची कुणी चौकशी केली नाही. तुलाच कसला पुळका?"

"तुम्ही खोट्यावर सही करणार?"

"उद्या दहाला, ठाण्यात. सरदारांनी गाडी पाठवतो म्हटलंय." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच जेसीबीवर बसून तुला शिकवली, पोरी."

मी सूप संपवले.

वहीचे पान सोबत जोडले आहे.

ठाणेदार साहेबांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी 'वडील अशिक्षित असून त्यांना प्रकार समजला नाही' असे वाक्य त्यांनी आपणहून घातले होते. ते म्हणाले, "राहू दे की. बापाच्या कामी येईल." ते वाक्य मी खोडायला लावले व त्याजागी पुढील लिहून घेतले: माझ्या वडिलांना सर्व समजते. मंगळवारी माती काळी पडताच, मी हात वर करण्याआधी, त्यांनी जेसीबीची बादली भिंतीपासून एक वीत अंतरावर रोखली. म्हणून भिंत अजून उभी आहे.

या दुरुस्तीसह जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वेळ नऊ पंचावन्न. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आहे. सही करते.

ओर्नेल्ला ब्राची